आकडा मुका असतो

'व्यवहारात आकडे बोलतात; माल चोख आणि भाव रास्त असला की पत्र कसंही खरडा' असं ठासून सांगणारे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बाजारात पुष्कळ भेटतात. हे मत साफ चुकीचं आहे, आणि ते खोडून काढायला सराफी पेढ्यांची जुनी रीत पुरेशी आहे.

हुंडी लिहिताना रक्कम नुसत्या आकड्याच्या भरवशावर सोडत नसत. हजाराची हुंडी असेल तर 'रुपये 1000, निमे रुपये 500, त्याचे दुप्पट' असा मजकूर घालत. कोणी मागे एक शून्य वाढवलं तर निमेचा हिशेब जुळेना आणि लबाडी तिथेच उघडी पडे. 'शहाजोग' लिहिलं की पैसे पतवान व्यापाऱ्यालाच द्यायचे. वाटेत चोरानं हुंडी पळवली तरी ती वटवायला त्याला बाजारात कोणी उभं करत नसे. 'दर्शनी' म्हणजे दाखवताच पैसे, 'मुदती' म्हणजे ठरल्या दिवशी. मूळ हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत म्हणजे पैठ, तीही हरवली तर तिसरी म्हणजे परपैठ. ही सगळी शब्दरचना पैसा मुठीत घट्ट धरणाऱ्या सावकारांनी बसवली होती! देशी भाषांतल्या हुंड्यांच्या या स्थानिक रूढींना 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमानंही धक्का लावला नाही.

आकड्यांच्या कैवाऱ्यांनी 1872 चा करार कायदा तरी उघडून पाहावा. कलम 29 खाली उदाहरणच आहे: 'शंभर टन तेल' विकायचं ठरलं, पण कोणतं तेल हे कशावरूनच कळत नाही, तर करार रद्दबातल. आकडा स्वच्छ आहे. एक शब्द तेवढा राहिला. यावर कोणी म्हणेल, मुरैना-ग्वाल्हेरकडे तेल म्हटलं की मोहरीचंच. मान्य. विकणारा फक्त खोबरेलाचा व्यापारी असेल तर करार टिकतो, असं तेच कलम सांगतं. पण तुमची ऑर्डर आता कोचीला नि नागपूरलाही जाते. तिथल्या माणसानं तुमच्या बाजाराची सवय का म्हणून ओळखावी?

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: निवडक शब्द म्हणजे गिऱ्हाइकाला भुलवण्याचं साधन. माझं म्हणणं, भुलवतो तो मोघम शब्द. माधवराव शिंद्यांनी 1905 मध्ये सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात अलीकडे सरकार गाड्यांच्या रोड टॅक्समध्ये निम्मी सूट देत आलं आहे. फलकावर नुसतं '50 टक्के सूट' लिहिलं तर गिऱ्हाईक गाडीच्या किमतीकडे बघतं आणि काउंटरवर येऊन चिडतं. 'रोड टॅक्समध्ये 50 टक्के सूट, नोंदणी ग्वाल्हेर आरटीओतच' असं लिहिलं तर ते घरूनच हिशेब करून येतं.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, आजच्या पत्रातलं 'माल लवकरात लवकर पाठवतो' खोडा आणि लिहा: 'मंगळवारी दुपारी चारपर्यंत माल दुकानी पोच, भाडं आमचं, जीएसटी वेगळा.'