भोक मोठं केलं म्हणून इंजिन मोठं होत नाही

दिवाळीला घरी गेलो होतो. महाराष्ट्र एक्सप्रेसमधून अंग आंबवून गोंदियाला उतरलो, तर मावसभाऊ स्टेशनबाहेर गाडी घेऊन हजर. ब्यागा टाकायच्या आधीच किल्ली माझ्या हातात. "दादा, तूच चालव. नागपूरहून थ्रॉटल बॉडी बोअर करून आणली. पिकअप पाहा तं फक्त!"

खर्च १४ हजार. गाडी बारा-तेरा वर्षं जुनी, बाराशे सीसीची, पेट्रोल, केबलवाल्या थ्रॉटलची. पाय जरासा टेकवला आणि गाडीने खरंच उडी मारली. पहिली पाच मिनिटं मीसुद्धा फसलो, उगाच खोटं का बोला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं दार. नळीत एक गोल प्लेट असते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती फिरते आणि वाट उघडते. हे दार लेथवर कोरून ४५ मिलिमीटरचं ५० करायचं, मोठी प्लेट बसवायची, की हवा जास्त, म्हणून ताकद जास्त. ऐकायला एकदम पटतं. रील्सवर तर फारच पटतं.

आता जरा हिशोब करू. बारावीचं फिजिक्स पुरे.

१.२ लिटरचं फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा १.२ लिटर हवा ओढतं. ६००० आरपीएमला मिनिटाला ३६०० लिटर, म्हणजे सेकंदाला ६०. सिलिंडर काही पूर्ण भरत नाहीत, ८५ टक्के धरा, म्हणजे ५१ लिटर. ४५ मिलिमीटरच्या भोकाचं क्षेत्रफळ साधारण १६ चौरस सेंटिमीटर. हवेचा वेग आला सेकंदाला ३२ मीटर. ह्या वेगाची सगळी ऊर्जा वाया गेली असं मानलं तरी दाब घटतो सुमारे ६०० पास्कल. वातावरणाचा दाब एक लाख पास्कल. म्हणजे नुकसान ०.६ टक्के. भोक ५० मिलिमीटर केलं तर वेग २६ मीटर, घट ३९० पास्कल. वाचलं काय? ०.२ टक्के. ८० हॉर्सपॉवरच्या गाडीत ०.१६ हॉर्सपॉवर!

कोणी म्हणेल, प्लेटचा अडथळा धरला नाहीस, हवा धक्क्याधक्क्याने जाते ते धरलं नाहीस. कबूल. करा चौपट. तरी पाऊण हॉर्सपॉवरच्या आत.

आणि हो, आमच्या गोंदियात हिवाळ्यातल्या २५ अंशांवरून मे महिन्यातल्या ४५ अंशांवर गेलं की हवाच सुमारे ६ टक्के विरळ होते. त्यात दोन-तीन हॉर्सपॉवर सहज जातात. म्हणजे गॅरेजवाला १४ हजार घेऊन जे देतो, त्याच्या कितीतरी पट ऊन फुकटात काढून नेतं.

मग ती उडी कसली? सोपं आहे. आधी पाव पेडलला जेवढी वाट उघडायची त्यापेक्षा आता जास्त उघडते. इंजिन तेच, ताकद तीच, फक्त लवकर हातात येते. नळाची चावी बदलली म्हणून टाकीतलं पाणी वाढत नाही. धानाला पाणी देणाऱ्या कोणालाही विचारा: पुढे नहर अरुंद असेल तर तलावाचं गेट रुंद करून बांधीत पाणी जास्त येतं का?

आमच्या धंद्यात ह्याला अ‍ॅमडालचा नियम म्हणतात, १९६७ सालचा. प्रोग्रामचा जो भाग एक टक्का वेळ खातो तो कितीही वेगवान करा, फायदा एक टक्क्याच्या पुढे जाणार नाही. आधी मोजा, कुठे अडतंय ते शोधा, मग हात घाला. हेच आपण ऑफिसात ज्युनियरला रोज ऐकवतो आणि शनिवारी स्वतःची गाडी लेथवर नेतो :-)

"पण रेसिंगच्या गाड्यांत मोठे थ्रॉटल असतात ना?" असतात. तिथे कॅम वेगळा, हेड वेगळं, आरपीएम वेगळा, तिथे थ्रॉटल खरोखरच आड येतो. उलटं उदाहरणही आहे. इंजिनिअरिंगच्या पोरांची सुप्रा एसएईइंडिया स्पर्धा आठवते? त्यात पेट्रोल गाड्यांना हवेच्या वाटेत २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर लावावा लागतो. तिथे हवा ध्वनीच्या वेगाला पोचून अडते, म्हणून ते भोक खरोखर ताकद ठरवतं. भोक महत्त्वाचं असतं, पण जेव्हा तेच सगळ्यात अरुंद असतं तेव्हा.

मावसभावाला हे पटेना. "दादा, तुझा कागद राहू दे." बरं, राहू दे. मामांकडे तीच गाडी, तेच मॉडेल, काही न केलेलं. कोहमाऱ्याच्या रस्त्यावर सकाळी रिकामं बघून दोन्ही गाड्या तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० पूर्ण पेडलवर पाच-पाच वेळा नेल्या. मोबाईलवर वेळ घेतली. एकाच गाडीच्या पाच वेळांत जेवढा फरक, तेवढाच दोन गाड्यांत. पोरगा गप्प.

इथपर्यंत असतं तर मी हे लिहिलंही नसतं. १४ हजार गेले, हौसेला मोल नसतं, विषय संपला. पण परत येताना धानाच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रकमागे मी पाय काढला आणि गाडीचे आरपीएम उतरलेच नाहीत. एक-दोन सेकंद. क्लच दाबला, ब्रेक मारला, वाचलो. नंतर खोलून पाहिलं तर नवी प्लेट भोकात एका कडेला घासून अडकत होती. कंपनीची प्लेट अगदी गोल नसते, कडा ठरावीक कोनात कापलेल्या असतात, बंद होताना अडकू नये म्हणून. लेथवर अंदाजाने केलेल्या प्लेटला कोण कोन देणार? मागच्या सीटवर मावशी बसली होती. पाऊण हॉर्सपॉवरसाठी.

माझा राग मॉडिफिकेशनवर नाही. चांगला मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगतो, त्याच्यापुढे माझी डिग्री पाणी भरते. राग आहे तो न मोजता विकणाऱ्यांवर, आणि त्याहून जास्त न मोजता विकत घेणाऱ्या आपल्यासारख्या शिकलेल्यांवर. गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारा: आधीचा आणि नंतरचा आकडा, त्याच दिवशी, त्याच डायनोवर मोजलेला, दाखवशील का? तो नसेल तर चहा पिऊन घरी या.

भंगारातून जुनी ४५ ची थ्रॉटल बॉडी आणून बसवली. त्या गाडीचे टायर पार गुळगुळीत झाले होते, ब्रेक पॅड संपत आले होते. १४ हजारांत दोन्ही आले असते. ते आता माझ्या खिशातून झाले.

असो. मावशीने अनरसे दिलेत, संपायच्या आत कोणी येणार असेल तर कळवा.