पावसाळ्यातील परसबाग आणि आपली पावले

मृगाच्या सरी बरसल्या की परसात दोन गोष्टी एकदमच तरारतात : रोपे आणि घरातील ज्येष्ठांचा उत्साह. या उत्साहाला बांध घालू नये, वळण द्यावे, असे माझे मत झाले आहे. त्याला कारण माझे एक रुग्ण.

वय 74, मधुमेह जुना. गेल्या श्रावणात अनवाणी तण काढताना लिंबाचा काटा त्यांच्या तळपायात रुतला. मधुमेहाने पायांची संवेदना मंदावलेली, त्यामुळे वेदना जाणवलीच नाही. चौथ्या दिवशी सूनबाईंना फरशीवर ओलसर डाग दिसले. तोवर जंतुसंसर्ग खोलवर गेला होता; पायाचे एक बोट गमवावे लागले. घाबरलेल्या घरच्यांनी परसदाराला कुलूप घातले. जखम भरली, पण हालचाल थांबल्याने साखर वाढली, झोप उडाली, बोलणे खुंटले. तेव्हा मीच कुलूप काढण्याचा आग्रह धरला आणि काही पथ्ये लिहून दिली.

बागेत बंद, जाड तळाचे बूट वापरावेत. घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकावेत, कारण आत विंचू दडलेला असू शकतो. काम आटोपल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. तळवे रोज पाहावेत. स्वतःला वाकता येत नसेल तर दुसऱ्याने पाहावेत. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून लसीची पूरक मात्रा दर 10 वर्षांनी घ्यावी. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेवाटे शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, डोळ्यांत लाली अशी लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि 'मातीत काम केले होते' हे आवर्जून सांगावे.

कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा नुसत्या रित्या करू नयेत, घासाव्यात. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी कडेला चिकटतात आणि कोरड्यातही काही महिने तग धरतात. पायवाटेवरचे शेवाळे खरवडण्याचे काम मात्र तरुणांनी करावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी उकिडवे बसून झटकन उठू नये, भोवळ येते. गवत आखूड ठेवावे. सर्पदंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हलवता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

आता त्या आजोबांच्या कुंड्या कमरेइतक्या उंच कट्ट्यावर आल्या आहेत. संध्याकाळी सूनबाई विजेरी घेऊन त्यांचे तळवे पाहतात. "नऊ बोटे रोज मोजून घेते हो, डॉक्टर," असे ते परवा हसत सांगत होते. साखरही आटोक्यात होती.