वाढ कोठें होते?

आमच्या वाड्याच्या मागील अंगणांत आंब्याचें एक झाड आहे. धुणें वाळत घालण्याकरितां बावीस वर्षांपूर्वीं आम्हीं त्याच्या बुंध्यास खांद्याच्या उंचीवर लोखंडी तार आंवळून बांधली. झाड वाढेल तशी तारही वर चढेल, मग सवडीनें सोडून खालीं घेऊं, असा आमचा समज होता. गेल्या महिन्यांत नातीनें विचारलें, "आजोबा, झाड गच्चीच्या वर गेलें, मग तार अजून तुमच्या खांद्याशींच कशी?" उभा जन्म शाळेंत घालविलेल्या आम्हांस या प्रश्नाचें उत्तर पुस्तक उघडून शोधावें लागलें, हें कबूल करणें प्राप्त आहे.

मुलाचें शरीर सर्वांगांनीं वाढतें. वृक्षाचें तसें नाहीं. त्याच्या ठराविक ठिकाणींच पेशी विभागून नव्या पेशी होत राहतात. अशा पेशींच्या समूहास विभाजी ऊती म्हणतात. 'ऊत' म्हणजे विणलेलें. 'ओतप्रोत' या शब्दांत तोच धातु आहे. नेगेली या स्विस शास्त्रज्ञानें १८५८ सालीं योजिलेलें 'मेरिस्टेम' हें नांवही 'विभागलेलें' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलें आहे.

या ऊतीचे स्थानपरत्वें तीन प्रकार. पहिली प्ररोह विभाजी ऊती, ही खोडाच्या व मुळांच्या टोंकाशीं असते. उंची वाढते ती हिच्यामुळें. माडास शेंडा एकच. तो तोडला कीं माड गेलाच. तुळशीचा शेंडा खुडला तर मात्र पानांच्या बगलेंतील डोळे फुटतात व रोप डेरेदार होतें. दुसरी आंतरीय विभाजी ऊती, ही पानाच्या तळाशीं व पेरांलगत असते. गाईनें गवताचें टोंक खाल्लें तरी पान बुडापासून पुन्हां वर येतें, तें हिच्या बळावर. तिसरी पार्श्व विभाजी ऊती, म्हणजे साल व लाकूड यांमधील अगदीं पातळ थर. हा आंतल्या बाजूस लाकूड व बाहेरच्या बाजूस अन्न वाहणाऱ्या रसवाहिन्या घडवितो. बुंधा जाड होतो तो यामुळेंच.

टोंकाच्या चिमुकल्या भागाचें सामर्थ्य आमच्या पुण्यानेंच जगास दाखविलें आहे. बांबू पुष्कळदां कित्येक दशकें वाढून एकदांच फुलतो. येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं प्रयोगपात्रांत वाढविलेल्या बांबूच्या रोपांस अवघ्या कांहीं महिन्यांत फुलें आणलीं, आणि १९९० सालीं तो वृत्तांत 'नेचर' या पत्रांत प्रसिद्ध झाला.

आतां तारेचा उलगडा होतो. बुंध्याच्या त्या भागाचें लांबणें केव्हांच थांबलें होतें; म्हणून तार वर गेली नाहीं. परंतु जाड होणें थांबलें नव्हतें. दरवर्षीं बुंधा फुगत गेला आणि तार सालींत रुतत गेली. रसवाहिन्या दबल्या, पानांनीं तयार केलेलें अन्न मुळांकडे पुरतें उतरेना. तारेच्या वर गांठीसारखा फुगवटा आला, आणि शेंड्याकडील दोन फांद्या वाळल्या. आम्ही मात्र कीड लागली असें समजून औषध फवारीत होतों! रोग आमच्याच हातचा होता.

तार दिसत होती तेथें तेथें तोडविली आहे. सालींत गडप झालेली उकरून नवी जखम केली नाहीं. दोरी आतां दोन खांबांस बांधली आहे. झाड सावरतें कीं नाहीं, हें एकदोन पावसाळ्यांनीं कळेल.

वाचकांस विनंति इतकीच कीं, आज सायंकाळीं आपल्या दारचें झाड एकवार निरखावें. फाटकाची तार, दिव्यांची माळ, रोपाच्या आधाराची सुतळी, कांहींही आंवळलेलें असेल तर तें आजच सैल करावें. झाड वाढून तें आपोआप सुटेल, या भरंवशावर राहूं नये. आम्ही बावीस वर्षें राहिलों.