पाहुण्यांचे अंथरूण आणि दम्याचा त्रास

पावसाळा सुरू झाला की राजगड, तोरणा, पानशेत, वरंधा घाट या बाजूंना पुण्या-मुंबईच्या माणसांची रीघ लागते. भोर-वेल्ह्यातील अनेक कुटुंबे आता घरात किंवा शेतावर पाहुण्यांची मुक्कामाची सोय करतात. राज्य शासनाने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले; हा चांगला जोडधंदा आहे. चुलीवरच्या भाकरीची जाहिरात सगळेच करतात. पाहुणा ज्यावर आठ तास झोपतो, त्या अंथरुणाचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही.

त्या आठ तासांतच दम्याच्या रुग्णाची परीक्षा असते. गादी, उशी, गोधडी यांत डोळ्यांना न दिसणारे, गोचिडीच्या गोतातले सूक्ष्म कीटक वाढतात. माणसाच्या अंगावरून गळणारा त्वचेचा कोंडा हे त्यांचे खाद्य. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून जगतात. म्हणजे मावळातला पावसाळा त्यांच्या सोयीचाच! त्यांच्या विष्ठेचे कण श्वासावाटे आत गेले की ॲलर्जी असलेल्याला शिंका, नाक चोंदणे, डोळ्यांना खाज असा त्रास होतो आणि दमा असल्यास धाप लागू शकते. ओलीमुळे धरलेली बुरशी त्यात भर घालते. एखाद्या मुलाला मध्यरात्री धाप लागली, तर वेल्ह्याहून पुणे पन्नास किलोमीटरहून दूर आहे, हे विसरू नये.

आपल्या आया-आज्या दसरा काढीत. घरातली झाडून सगळी अंथरुणे-पांघरुणे नदीवर धुऊन उन्हात वाळवली जात. ऊन लागले की ओलावा जातो आणि ओलाव्याविना हे कीटक मरतात. धुतल्याने त्यांचे कणही निघून जातात. या दृष्टीने धुता येणारी गोधडी न धुता येणाऱ्या जाड गादीपेक्षा उजवीच. अडचण एवढीच, की पाहुण्यांची गर्दी ऐन पावसात होते आणि दसरा त्यानंतर येतो. म्हणून मुक्कामाची सोय करणाऱ्यांनी एक दसरा मे महिन्यातच काढावा.

पावसाळ्यात चादरी व अभ्रे प्रत्येक पाहुण्यागणिक बदलावेत आणि 60 अंश उष्ण पाण्यात अर्धा तास भिजवून धुवावेत. उकळते व साधे पाणी समसमान मिसळले की साधारण तेवढे पाणी तापते. हात भाजू नयेत म्हणून काठीने ढवळावे. कपडे पूर्ण वाळवूनच घडी घालावी. गादी-उशीला सर्व बाजूंनी बंद होणारी, घट्ट विणीची खोळ घालावी. मात्र केवळ खोळींवर विसंबू नये. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासात नुसत्या खोळींनी प्रौढांचा दमा सुधारला नव्हता. खोलीत सतरंजी, जाड पडदे नसावेत. फरशी ओल्या फडक्याने पुसावी. उदबत्ती व डासांची कॉइल खोलीत लावू नये.

यासाठी खर्च येतो, हे मान्य. पण मुख्य खर्च चादरींच्या जादा जोडाचा आणि सरपणाचा आहे. त्यापोटी पाहुण्याने चार पैसे जास्त द्यायला कुरकुर करू नये. मालकाने आगाऊ चौकशीच्या वेळी ‘कोणाला दमा आहे का?’ एवढे विचारावे. ‘आमच्याकडे ॲलर्जी होतच नाही’ अशी हमी मात्र देऊ नये, कारण ती कोणालाच देता येत नाही. रुग्णानेही आपले औषध व इनहेलर घरी विसरू नये.

अतिथी देव असेल, तर त्याला सुखाने श्वास घेता यावा, हीदेखील त्याची पूजाच होय.