सहावीनंतरचे बंद दार

यंदाच्या वादविवाद स्पर्धेत आपल्या विद्यालयातील मुलांपुढे जो विषय होता, तो आम्हां माजी विद्यार्थ्यांच्या मनातून स्पर्धा संपल्यावरही गेला नाही. अफगाणिस्तानातील मुलींच्या शिक्षणबंदीवर अन्य धर्मीयांनी बोलावे काय, असा तो विषय. विरोधी बाजूच्या मुलाने मोठ्या तडफेने सांगितले की, तो त्यांच्या धर्माचा प्रश्न आहे, त्यांचे त्यांना पाहू द्या. टाळ्याही पडल्या. मुलगा अभ्यासू होता आणि त्याचा हेतू वाईट नव्हता. परधर्माला दूषणे देण्याची जी हौस आज सर्वत्र बोकाळली आहे, तिच्यापासून तो दूर राहू पाहत होता. तरीही त्याचे उत्तर आम्हांस मान्य नाही.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल घेतले. सप्टेंबरमध्ये मुलांच्या माध्यमिक शाळा सुरू करण्याचा आदेश निघाला. त्यात मुलींचा उल्लेखच नव्हता. २३ मार्च २०२२ रोजी मुलींच्याही शाळा उघडणार, असे जाहीर झाले. मुली दप्तरे घेऊन वर्गात जाऊन बसल्या आणि काही तासांतच त्यांना घरी धाडण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विद्यापीठांची दारे बंद झाली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका व सुईणींचे अभ्यासक्रमही. सहावीनंतर शाळेला मुकलेल्या मुलींची संख्या युनेस्कोने ऑगस्ट २०२४ मध्ये किमान १४ लाख सांगितली. स्त्रीने परपुरुषाकडून उपचार घेऊ नयेत, असा ज्या राज्यकर्त्यांचा आग्रह, तेच स्त्रियांना सुईण होऊ देत नाहीत. बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ज्या देशात आधीच भयावह आहे, तेथे याचा अर्थ काय होतो, हे आपल्या माता-भगिनींस समजावून सांगण्याची गरज नाही.

या साऱ्यात एक शब्द सतत भेटतो: तूर्त. बंदी कायमची आहे, असे काबूलचे राज्यकर्ते सहसा म्हणत नाहीत. गणवेश ठरू द्या, अभ्यासक्रम तपासू द्या, योग्य वातावरण निर्माण होऊ द्या. १९९६ साली प्रथम सत्ता हाती आली तेव्हाही सुरक्षितता येईपर्यंत थांबा, असेच सांगितले गेले. ती राजवट पाच वर्षे टिकली. मुलींच्या शाळेचा दिवस काही उजाडला नाही. २०२१ मध्ये जी बारा वर्षांची होती, तिचे सोळावे वर्षही आता उलटले आहे.

हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. हिंदू कोड बिलाला उघड विरोध करणारे होतेच. पण घाई कशाला, समाज अजून तयार नाही, असे म्हणणारेही थोडे नव्हते. ते बिल रखडले. १९५१ मध्ये बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हे एक मोठे कारण होते. तेव्हा कोणी बाहेरच्याने स्त्रियांची बाजू घेतली असती, तर त्यालाही हा हिंदूंचा घरगुती प्रश्न आहे, असेच ऐकावे लागले असते.

आता 'त्यांचा धर्म' हा मुद्दा. मुस्लिम बहुसंख्य असलेले देश पन्नासच्या घरात आहेत. मुलींची माध्यमिक शाळा बंद ठेवणारा दुसरा देश त्यांत नाही. विद्यापीठबंदी होताच कैरोच्या अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी ती शरियतविरोधी असल्याचे सांगितले. सौदी अरेबिया, कतार व तुर्कस्ताननेही नापसंती दर्शविली. खुद्द तालिबानचे उपपरराष्ट्रमंत्री शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझाई यांनी जानेवारी २०२५ मध्ये खोस्त येथे या बंदीला काही आधार नाही, असे जाहीरपणे बोलून दाखविले. काबूलमध्ये राणी सोराया यांच्या पुढाकाराने मुलींची शाळा निघाली ती १९२१ साली, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी. तीही मुस्लिमांनीच काढली होती.

मग 'त्यांचे त्यांना' म्हणजे नेमके कोणाचे कोणाला? पहिल्या तालिबानी राजवटीत हेरात शहरातील काही स्त्रिया शिवणकामाच्या वर्गाला जात. पिशवीत वर कापड व कात्री, खाली वह्या. आत विद्यापीठातील एक प्राध्यापक साहित्य शिकवीत आणि अंगणात खेळणारी मुले पहारा ठेवीत. आजही घरोघरी चोरून वर्ग भरतात. या स्त्रिया 'त्यांच्यात' मोडतात की नाही? गप्प राहून आपण कोणत्याही धर्माचा मान राखत नाही. बंदूक ज्याच्या हाती, त्यालाच त्या धर्माचा एकमेव प्रवक्ता मानतो.

मार्च २००१ मध्ये याच सत्तेने बामियानच्या ५५ व ३८ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती सुरुंगाने उडवल्या, तेव्हा हा त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे, असे आपल्यापैकी कोणी म्हटल्याचे आम्हांस आठवत नाही. आज त्याच बामियानमधल्या मुली सहावीनंतर घरी बसल्या आहेत.

आपले घर मात्र आपण विसरू नये. महाप्रजापती गौतमीला संघप्रवेशासाठी पुनःपुन्हा विनवावे लागले, आनंदाने रदबदली करावी लागली आणि प्रवेश मिळाला तोही आठ अटींवर, असे विनयपिटकच सांगते. काही बौद्ध देशांत भिक्षुणींच्या पूर्ण उपसंपदेला आजही मान्यता नाही. बोलायचे ते हे ध्यानात ठेवून.

आणि बोलून काही होत नाही, हेही खरे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीत आले. त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत एकही महिला पत्रकार नव्हती. देशभर टीका झाली आणि दोनच दिवसांनी दुसरी परिषद घ्यावी लागली. तीत महिला पत्रकार पुढच्या रांगेत होत्या. तेथे त्यांनी मुलींच्या शिक्षणाविषयी विचारले. उत्तर आले ते असे की, शिक्षण निषिद्ध ठरवलेले नाही, पुढील आदेशापर्यंत फक्त स्थगित आहे.

हाच विषय पुढील वर्षीही स्पर्धेत ठेवावा आणि विरोधी बाजू मांडणाऱ्यास हेरातच्या शिवणवर्गाची हकिकत आधी वाचावयास द्यावी, अशी आमची विद्यालयास सूचना आहे.