दगड ओढणाऱ्यांची साक्ष

इजिप्तमधील गिझाच्या महापिरॅमिडच्या मोजमापांत बायबलची भविष्यवाणी दडली आहे, असे सांगणारे पुष्कळ झाले. जॉन टेलरने १८५९ साली ही वास्तू ईश्वरी प्रेरणेने उभी राहिल्याचे लिहिले. स्कॉटलंडचा राजखगोलज्ञ पियाझी स्मिथ याने त्याला शास्त्राचा मुलामा दिला. फ्लिंडर्स पेट्रीने १८८०-८२ मध्ये नीट मोजणी केली आणि स्मिथचा हिशेब कोसळला. तरी अमेरिकेच्या चार्ल्स रसेलने 'एक इंच म्हणजे एक वर्ष' धरून आतल्या एका बोळाचे ३४१६ इंच दिले व १८७४ साल काढले. पुढच्या आवृत्त्यांत तोच बोळ ३४५७ इंचांचा झाला, कारण आता १९१५ साल हवे होते! कोर्टात असा पुरावा दिला तर वकिलाची सनद जाईल.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळाच आहे. देवाने बांधून घेतले म्हटले की दगड ओढणारे बाद होतात. १९९० पासून त्या मजुरांच्या कबरी गिझालाच सापडल्या आहेत. ओझ्याने झिजलेले मणके, मोडून पुन्हा नीट बसवलेली हाडे. २०१३ साली लाल समुद्राकाठी मेरेर नावाच्या मुकादमाची साडेचार हजार वर्षांपूर्वीची रोजनिशी मिळाली. तुराच्या खाणीतले दगड नावेने गिझाला कसे पोचवले, याच्या त्यात नोंदी आहेत. भविष्यवाणी एकही नाही.