नाकापेक्षा मोती जड नको!

मुलांच्या परीक्षा आटोपल्या की घरोघरी एकच तुणतुणं सुरू होतं. ‘आई, कॉम्प्युटर लय स्लो झालाय, ग्राफिक्स कार्ड टाकू या.’ बाबा म्हणतात, ‘आईला विचार.’ कारण पैसे शेवटी बचत गटातूनच निघणार! पण ‘कोणतं कार्ड? आपल्या कॉम्प्युटरला ते चालेल का?’ असं आईनं विचारलं, की ‘तुला त्यातलं काही कळत नाही’ हे उत्तर ठरलेलं.

मैत्रिणींनो, मला हे उत्तर मुळीच मान्य नाही. कुकरचं रिंग आणायला जाताना कुकर किती लिटरचा, कोणत्या कंपनीचा हे आपण बघून जातो. तीन एचपीच्या कनेक्शनवर साडेसातची मोटार चालत नाही, हे शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. मग कॉम्प्युटरच्या डब्यासमोरच आपण गप्प का बसावं? २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली, तेव्हापासून आपल्यातल्या कितीतरी जणींनी ती केली. प्रमाणपत्र काय नुसतं कपाटात ठेवायला घेतलं?

आमच्या हिमायतनगरात एका ताईंनी गटाचं कर्ज काढून मुलाला कार्ड घेऊन दिलं. घरी आल्यावर कॅबिनेटचं झाकणच लागेना. दुकानदार म्हणाला, ‘ताई, माल खराब नाही, परत कसा घेऊ?’ त्याचंही अगदीच खोटं नव्हतं. न बसणारी वस्तू आणि बिघडलेली वस्तू यात फरक आहे. म्हणून विचारायचं ते पैसे देण्याआधी. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीनं कितीतरी घरांतलं सोयाबीन नेलं. अशा घरात गटाचा एकेक हप्ता किती जड जातो, हे मी वेगळं सांगायला नको.

पहिला प्रश्न, कार्ड हवंय कशासाठी? पडद्यावर चित्र दाखवणं हे या कार्डाचं काम. साध्या कामापुरती ती सोय बहुतेक कॉम्प्युटरमध्ये आधीच असते. मोठे गेम, व्हिडिओ जोडणं, इंजिनिअरिंगची चित्रं यांसाठी वेगळं कार्ड लागतं. अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, हिशेब यांसाठी नाही. कॉम्प्युटर सुरू व्हायलाच पाच-दहा मिनिटं घेत असेल, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा किंवा अपुऱ्या रॅमचा असतो. तिथे एसएसडी बसवली तर कमी पैशात जास्त फरक पडतो.

कार्ड खरंच हवं असेल, तर पाच गोष्टी तपासा. आधी कॉम्प्युटर बंद करून वायर बोर्डातून काढा आणि मगच झाकण उघडा.

एक, जागा. मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसचा लांब, सोळा लेनचा स्लॉट आहे का? असला तर नव्या पिढीचं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये साधारणपणे चालतं, पण वेग थोडा कमी मिळू शकतो. फारच जुन्या कॉम्प्युटरमध्ये एजीपी नावाचा वेगळा स्लॉट असतो. त्यात आजचं कार्ड बसतच नाही.

दोन, माप. स्लॉटपासून समोरच्या बाजूपर्यंतची जागा आपल्या शिलाईच्या टेपनं मोजा. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी काढून टाकलेले बुटके कॉम्प्युटर हल्ली स्वस्तात मिळतात. त्यांना कमी उंचीचं, म्हणजे लो प्रोफाइल कार्डच लागतं.

तीन, वीज. एसएमपीएसच्या डब्यावर किती वॉट लिहिलंय ते वाचा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून जास्त लागले, तर एसएमपीएसमधून सहा किंवा आठ पिनांची वेगळी वायर यावी लागते. एनव्हिडियाच्या जीटी १०३० ला ३० वॉट पुरतात. आरटीएक्स ३०६० ला मात्र १७० वॉट लागतात आणि कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस सांगते. बुटक्या कॉम्प्युटरमध्ये तो २४० वॉटचाही असतो! शिवाय आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो, तेही ध्यानात ठेवा.

चार, मॉनिटर. जुन्या मॉनिटरची पिन निळी, व्हीजीएची असते. नव्या कार्डांवर बहुधा एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टच असतात. मग कन्व्हर्टरचा खर्च वेगळा.

पाच, वय. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, ‘डीएक्सडायग’ची इंग्रजी अक्षरं टाइप करा. प्रोसेसर, रॅम, विंडोज सगळं समोर येतं. विंडोज ३२ बिटचं असेल, तर नव्या कार्डांचे ड्रायव्हर मिळत नाहीत. बायोस फार जुना असेल, तर नवं कार्ड बसवूनही पडदा काळाच राहू शकतो. आणि प्रोसेसरच थकलेला असेल, तर महागडं कार्ड म्हणजे एका बाजूला तरणा खोंड अन्‌ दुसऱ्या बाजूला म्हातारा बैल. औत म्हाताऱ्याच्याच चालीनं चालणार.

आणखी एक. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. ग्राफिक्स कार्ड बदलून ही अडचण सुटत नाही. ‘कार्ड टाका, कॉम्प्युटर नवा होईल’ असं कुणी म्हणालं, तर हे विचाराच.

ही सगळी माहिती एका चिठ्ठीवर लिहा, डब्याचा आतून फोटो काढा आणि मगच नांदेड गाठा. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट असलं, तरी दिवस मात्र पूर्णच जातो! दुकानात कार्ड आणि कॉम्प्युटर दोन्हींची मॉडेलं बिलावर लिहून घ्या. ‘न चालल्यास परत’ हे शब्दही लिहून मागा. पक्कं बिल असेल, तर तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

मुलांच्या हौसेला माझा विरोध नाही. मुलगा-मुलगी दोघांनाही झाकण उघडू द्या, वॉट वाचू द्या. त्यातूनच ती शिकतील. पण कॉम्प्युटरची किंमत पाच हजार अन्‌ कार्ड वीस हजाराचं, असा नाकापेक्षा मोती जड व्यवहार होत असेल, तर ‘थांब, आधी चिठ्ठी दाखव’ असं म्हणायचा हक्क आपला आहे. कर्जाच्या कागदावर सही आपली असते ना? मग प्रश्नही आपणच विचारायचे.